ईव्हीच्या एसीत हात घालण्याआधी तेलाची बाटली वाचा

एप्रिल लागला की आमच्याकडे एसीच्या गाड्यांची लाइन लागते आणि नवतप्यात तर डबा खायलाही सवड नसते. २०१७ मध्ये नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सी धावायला लागल्या तेव्हा मी शाळेत होतो, त्या गाड्यांचा एसी पुढे आपल्याच गळ्यात पडणार हे काही डोक्यात नव्हतं. आता जी पोट्टी आयटीआय करून या लाइनीत येताहेत त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मला जे कोणी सांगितलं नाही ते मी पगारातून शिकलो.

हाय व्होल्टेजची ऑरेंज केबल, १००० व्होल्टचे ग्लोव्ह्ज, बॅटरीचा सप्लाय तोडणारा सर्व्हिस प्लग काढून दहा मिनिटं थांबणं, हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असेलच. एवढंच सांगतो की व्होल्टेज शून्य झालं का ते बघायच्या आधी आणि नंतर मीटर चालू सप्लायवर लावून बघा, मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. आणि मे महिन्यात ग्लोव्ह्जमध्ये घामाचं तळं होतं, तरी काढायचे नाहीत.

आता माझी फजिती. एक टॅक्सी आली, कूलिंग नाही. पाइपच्या जॉइंटची ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, गेली होती, सोपं काम. रिंग बदलली, व्हॅक्यूम मारला, थोडं तेल गेलं असणार म्हणून तेल टाकायचं होतं. मी उस्तादांना विचारलं की या गाडीचं तेल वेगळं असते ना, तर ते म्हणाले, "काही नाही होत बे, तेल म्हंजे तेल, टाक." टाकलं. पेट्रोल गाड्यांना रोज जे पॅग तेल टाकतो तेच. एसी असा गार झाला की ड्रायव्हर भाऊंनी तर्री पोहे खाऊ घातले.

अकराव्या दिवशी तीच गाडी टो होऊन आली. रेडीच होईना, म्हणजे चालूच होईना, डॅशबोर्डवर लाल वॉर्निंग, स्कॅनरमध्ये इन्सुलेशनचा फॉल्ट, म्हणजे करंट कुठेतरी बॉडीकडे गळतोय. आम्ही दोन दिवस बॅटरीच्या मागे लागलो, कारण गाडी चालत नाही म्हणजे बॅटरी, एसीचा काय संबंध! शेवटी दुसऱ्या वर्कशॉपमधले एक काका आले, त्यांनी एकेक हाय व्होल्टेज कनेक्टर सोडवून मेगर लावला, म्हणजे इन्सुलेशन करंट किती अडवतं ते मोजणारा मीटर. कॉम्प्रेसर सुटल्यावर बाकी गाडीचं रीडिंग कित्येक मेगाओहमवर गेलं, आणि एकट्या कॉम्प्रेसरवर काटा शंभर किलोओहमच्या आसपास लोळत पडला. काकांनी फक्त विचारलं, तेल कोणतं टाकलं? मी उस्तादांकडे बघितलं, उस्ताद पाने पुसत होते.

कारण नीट समजून घ्या. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेसर बेल्टवर फिरतो, त्यात मोटर नाही, त्यामुळे तेलातून करंट जातो की नाही याच्याशी कोणाला घेणंदेणं नसतं. ईव्हीत मोटर त्याच डब्यात असते, तीनचारशे व्होल्टची वाइंडिंग गॅस आणि तेलात अक्षरशः भिजलेली असते. म्हणून तिथे बहुतेक गाड्यांत करंट अडवणारं पीओई तेल लागतं. पॅग त्या मानाने करंट जाऊ देतं आणि ओल पण लवकर पितं. मिसळलं की बॉडीकडे लीकेज सुरू, आणि गाडी स्वतःला बंद करून घेते. बरं, बाटलीतून टाकलं तरच होतं असंही नाही, गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या रोजच्या गेजच्या होजमध्ये चिकटलेलं तेल किंवा पॅगमध्ये कालवलेला लीक शोधायचा डायसुद्धा हा घोळ करू शकतो. ईव्हीसाठी गेज, होज, सगळं वेगळं ठेवा. पीओई पण ओल धरतंच, म्हणून छोटे सीलबंद डबे घ्या, पावसाळ्यात अर्धा उघडा राहिलेला डबा सरळ बाद. आणि नुसतं फ्लश मारून, म्हणजे आतून धुऊन, निभावेल या आशेवर राहू नका, आम्ही राहिलो, शेवटी नवा कॉम्प्रेसर बसवला आणि तीन महिने माझा अर्धा पगार कापला गेला.

घाबरू पण नका. मेगरचं रीडिंग जरा कमी दिसलं म्हणून लगेच कॉम्प्रेसर फेकायचा नसतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर कॉम्प्रेसरमध्ये लिक्विड गॅस साचूनही रीडिंग पडतं, गाडी रेडी होत असेल तर थोडा वेळ एसी चालवा, मग परत सगळं बंद करून मोजा.

हायब्रिड म्हटलं की ईव्हीसारखंच असंही धरू नका. माइल्ड हायब्रिडमध्ये, म्हणजे जिथे मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, बहुतेक साधा बेल्टचाच कॉम्प्रेसर असतो, सिग्नलला इंजिन बंद झालं की हवा कोमट होते आणि कस्टमर भांडायला येतो, त्यात फॉल्ट काही नाही. स्ट्राँग हायब्रिडला, जी नुसत्या मोटरवरही चालू शकते, कॉम्प्रेसर इलेक्ट्रिक असतो. आधी बेल्ट बघा, ऑरेंज केबल बघा, कॉम्प्रेसरवरचं स्टिकर वाचा, मग बाटली उचला.

गॅस वजनावरच भरा, बोनेटखाली जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच. गेज बघून "अजून थोडा" करणाऱ्या लोकांचा मला राग येतो, कारण हा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर स्वतःचा स्पीड बदलतो, प्रेशर हलत राहतं, तुम्ही बघताय काय? बेल्टच्या कॉम्प्रेसरसारखा क्लचचा टक आवाज येत नाही म्हणून मेला समजू नका, क्लचच नाही त्याला, स्कॅनरवर आरपीएम बघा. आणि बऱ्याच गाड्यांत हाच गॅस बॅटरीही गार करतो, तेव्हा ४५ डिग्रीत फास्ट चार्जिंगला लावून आत बसलेल्या माणसाला हवा कमी लागली तर आधी चार्जर काढून बघा. कंडेन्सरमध्ये, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या एसीच्या जाळीत, धूळ बसली असेल तर ती धुवा, निम्म्या तक्रारी माझ्याकडे तिथेच संपतात.

उस्ताद वाईट माणूस नाही. गाडीचा आवाज ऐकून रोग सांगतो, ते मला अजून जमत नाही. पण त्याचं शिक्षण बेल्टवर झालं. आता आमच्याकडे ईव्हीच्या गेजला ऑरेंज टेप गुंडाळलेली आहे, ती त्यानेच गुंडाळली, आणि परवा नवीन पोट्ट्याने तो गेज चुकून डिझेल गाडीला लावायला घेतला तर मी काही बोलायच्या आत तोच ओरडला.