ट्रक कॅम्पर ठेवायचाय? मग बेड लायनर बघून घ्या

इकडे अमेरिकेत पिकअप घेतला की डीलर बेड लायनर (मागच्या उघड्या हौद्याचं, म्हणजे बेडचं, आतलं आवरण) गळ्यात मारायला टपलेलाच असतो, आणि ओरखडे पडू नयेत एवढाच विचार करून बरेचजण घेऊनही टाकतात. लाकडं, फर्निचर न्यायला ठीक आहे. पण मागे कॅम्पर (बेडवर ठेवायची राहण्याची छोटी खोली) बसवायचा तर हिशोबच वेगळा, कारण पाणी-सामान भरलं की तो सहज 2,000 ते 4,000 पौंडांवर जातो आणि ब्रेक मारला की पुढे सरकायला बघतो. त्यामुळे आधी एकच बघायचं, यावर कॅम्पर घसरेल का.

ड्रॉप-इन, म्हणजे तयार प्लॅस्टिकचा टब, स्वस्त मिळतो पण यासाठी नकोच. प्लॅस्टिक गुळगुळीत, त्यात पाऊस झाला की बघायलाच नको. "टाय-डाउन (कॅम्पर ट्रकला बांधून ठेवणारे) घट्ट आहेत ना, मग काय होतंय" म्हणणारे भेटतात, पण मग सगळा झटका टर्नबकलवर (ते ताणायच्या स्क्रूवर) आणि कॅम्परच्या अँकरवर (ते जिथे अडकवतात तिथे) येतो, आणि तिथलं लाकूड एकदा ढिलं झालं की लायनरच्या कितीतरी पट खर्च. शिवाय टबाखाली वाळू, पाणी, थंडीतलं रस्त्यावरचं मीठ जाऊन बसतं, टब हलत राहतो, रंग घासला जातो आणि स्टीलचा बेड असेल तर आतल्या आत गंज धरतो, वरून काही कळत नाही.

स्प्रे-इन, म्हणजे बेडवर फवारून बसवलेला थर (लाइन-एक्स, ऱ्हायनो वगैरे कंपन्यांचा), महाग, पण पत्र्याला चिकटून बसतो, खाली पाणी जायला जागाच नाही. बजेट असेल तर हाच. कार्पेटवाला विसरा.

पण स्प्रे-इन असो नाहीतर नुसता पत्रा, वर जाड रबर मॅट हवीच, खरी पकड तीच देते. घोड्यांच्या तबेल्यात घालतात ना ती, ट्रॅक्टर सप्लायसारख्या दुकानात मिळते, 4 बाय 6 फूट, पाऊण इंच जाड. फुल-साइज ट्रकच्या दोन व्हील वेलच्या (बेडमधल्या चाकांवरच्या फुगवट्यांच्या) मधे 4 फूट रुंदी बसते. 8 फुटी बेडला मागे 2 फूट उरतात, तिथे दुसऱ्या मॅटचा तुकडा घालाच, नाहीतर कॅम्पर मागे कलून बसेल. कापताना रेषेच्या खाली एक पट्टी ठेवा म्हणजे काप उघडत जातो, आणि युटिलिटी नाइफ एकाच जागी चार-पाचदा फिरवा, एका दमात काही ती कापली जात नाही. नवीन मॅटला रबराचा वास येतो, थोडे दिवस बाहेर उन्हात टाका.

एका मॅटचं वजन साधारण 100 पौंड असतं, ते पेलोडमधून, म्हणजे ट्रक किती वजन वाहू शकतो त्यातून, वजा करा (आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो). कॅम्परचा पुढचा भाग केबिनच्या टपाला टेकायला आला असेल तर मॅटखाली प्लायवूड घालून उंची वाढवा, प्लायवूड वर नको, तिथे रबरच पाहिजे. आणि कॅम्पर उतरवला की मॅट उचलून खालची माती धुऊन बेड वाळू द्या.