दारातली घरघर अखेर थांबली

गाडीच्या डिकीत सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) बसवल्यापासून ढोलकीचा ठेका लागला की ड्रायव्हरच्या बाजूचं दार घरघरायचं. पॅनल उघडून क्लिपा बदलल्या, आतून थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट चिकटवली, फरक जेमतेम. मग रविवारी गाडी सावलीत लावली आणि सेटिंग मुळापासून तपासलं.

दारातले साडेसहा इंची स्पीकर फुल रेंजवर होते, म्हणजे ४० हर्ट्‌झचा खर्जही त्यांच्याच गळ्यात. वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या कोनाला (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला) चौपट हलावं लागतं. एवढासा कोन ते पेलणार कसं? हाय-पास, म्हणजे ठरावीक वारंवारतेखालचा आवाज अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्‌झवर ठेवला, उतार १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (त्याखाली वारंवारता निम्मी झाली की आवाज १२ डेसिबलने कमी). घरघर तिथेच थांबली.

सबवूफरला लो-पास, म्हणजे उलट वरचा आवाज अडवणारा फिल्टर, ८० वर. तरीही ठेका डिकीतूनच, पोकळ यायचा. यात तासभर गेला. शेवटी सापडलं: लो-पास स्टिरिओतही चालू आणि ॲम्प्लिफायरवरही. दोन्ही एकावर एक लागून ८० च्या आसपासचा आवाज खाल्ला जात होता. ॲम्प्लिफायरचं बटण 'फुल'वर सरकवलं, फिल्टर फक्त स्टिरिओतला ठेवला.

मग फेज, म्हणजे सबवूफरचा कोन दारातल्या स्पीकरांच्या जोडीने हलतो की उलट. बायकोला स्विचपाशी उभं केलं, मी ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून. शून्य अंश, एकशे ऐंशी, पुन्हा शून्य. १८० वर ठेका एकदम भरीव झाला, समोर डॅशबोर्डवरून आल्यासारखा. जिथे बास जास्त भरतो ती बाजू बरोबर, हे कानांनीच ठरवायचं.

ट्वीटरचं (बारीक, उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरचं) सेटिंग बदलताना मात्र आधी आवाज अगदी कमी करा. चुकून खर्ज गेला तर आतली बारीक तार जळते. माझ्या ट्वीटरचे हाय-पास ३५०० हर्ट्‌झवर आहेत.