‘बॉक्स गेला’ म्हणण्याआधी

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत आणि इकडे नेरूळ-खारघरला दहा-बारा वर्षं जुन्या ऑटोमॅटिक गाड्या आता भरपूर दिसतात. सिटी, फ्लुइडिक वर्ना, करोला अल्टिस, सियाझ. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या की त्या कंपनीच्या वर्कशॉपमधून सुटतात आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये येतात. तिथे मॅन्युअलवर हात बसलेला पोरगा त्यांच्यापुढे चाचपडतो आणि उस्ताद बोनेटला कान लावून निकाल देतो: बॉक्स गेला, म्हणजे गिअरबॉक्स निकामी. हे त्या पोरासाठी लिहितोय. क्लच, गिअर, मल्टिमीटर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी गाडीत कुठला बॉक्स आहे ते नक्की करा. आरसी बुकात काहीही लिहिलेलं असो, बाजारात ‘ऑटोमॅटिक’ म्हणून चार वेगळी यंत्रं फिरतात. २०१४च्या सेलेरिओपासून आलेला एएमटी म्हणजे मॅन्युअल बॉक्सच, त्याचा क्लच आणि गिअर ॲक्च्युएटर हलवतो एवढंच. त्याची क्लच प्लेट मॅन्युअलसारखीच झिजते. सीव्हीटीत बेल्ट आणि पुली असतात, आणि तिला तिचंच ऑइल लागतं. चुकून साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिक बॉक्सचं ऑइल) ओतलंत तर बेल्ट पुलीवर घसरतो आणि दोघांची वाट लागते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीत गिअरचं ऑइल वेगळं आणि मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे क्लच-गिअर हलवणाऱ्या कंट्रोल युनिटचं, वेगळं. तिच्यावर शिकाऊ हात फिरवू नका, स्पष्ट सांगतो. चौथा टॉर्क कन्व्हर्टरवाला, ज्यात इंजिनची ताकद बॉक्सला क्लचऐवजी ऑइलमधून मिळते. पुढचं सगळं त्याच बॉक्सबद्दल आहे.

आता ऑइलची पातळी. यावर मी जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण नवा माणूस नेमका इथेच बुडतो. डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, बघितली, संपलं. इंजिन ऑइलला हे चालतं. इथे कंपनी बदलली की मोजायची रीतच उलटी होते.

इंजिन चालू असताना पंप पॅनमधलं ऑइल उचलून कन्व्हर्टरमध्ये, कूलरच्या लाइनमध्ये आणि वॉल्व्ह बॉडीत (ऑइल वाटून गिअर बदलणारा भाग) भरत असतो, म्हणून पॅनमधली पातळी खाली जाते. इंजिन बंद केलं की त्यातलं काही परत पॅनमध्ये उतरतं आणि पातळी चढते. टोयोटा आणि ह्युंदाईच्या डिपस्टिकवाल्या चार गिअरच्या बॉक्सला गाडी सपाट जमिनीवर ठेवून, बॉक्स ७०-८० अंशांपर्यंत गरम करून, ब्रेक दाबून लिव्हर पी ते एल प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवायचा, परत पीमध्ये आणायचा आणि इंजिन आयडलला चालू ठेवूनच पातळी बघायची. होंडाला रेडिएटरचा फॅन दोनदा लागेपर्यंत गरम करायचं, इंजिन बंद करायचं आणि बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची.

आता हेच उलटं झालं तर काय होतं ते बघा. टोयोटावर शिकलेला हात सिटीची पातळी इंजिन चालू ठेवून मोजतो. पातळी कमी दिसते. तो अर्धा-पाऊण लिटर टाकतो. जास्तीचं ऑइल फिरणाऱ्या गिअरना लागतं, घुसळून त्यात फेस येतो, पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि गाडी स्लिप मारायला लागते. गिऱ्हाईक झटक्याची तक्रार घेऊन आलं होतं, आता जाताना गाडी पिकअपच घेत नाही. मग कोणीतरी ठरवतं की बॉक्स उतरवायचा. उलट बाजूने, करोला बंद ठेवून मोजली की ऑइल बरोबर दिसतं आणि प्रत्यक्षात कमी असतं. वळणावर ऑइल एका बाजूला सरकलं की गाडी क्षणभर न्यूट्रल झाल्यासारखी वाटते. दोन्ही ठिकाणी बॉक्स ठणठणीत असतो. डिपस्टिकवर फेसाचे बुडबुडे दिसले तर ओतायचं थांबवा आणि जास्तीचं आधी बाहेर काढा.

तापमानाचंही तेच. सात लिटर ऑइल ३० अंशांवरून ८० वर गेलं की पाव लिटरच्या आसपास फुगतं. म्हणूनच डिपस्टिकवर थंड आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतात. थंड बॉक्स गरमच्या खुणेपर्यंत भरला की तापल्यावर तो ओव्हरफिल झालाच.

सहा गिअरच्या बऱ्याच बॉक्सना डिपस्टिकच नसते, खाली ओव्हरफ्लोचा नट असतो. स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत, इंजिन चालू ठेवून, लिफ्टवर गाडी समतल करून तो उघडायचा. धार थांबून थेंब थेंब पडायला लागलं की पातळी बरोबर. अनेक बॉक्सना हे ३५ ते ४५ अंशांच्या मध्येच करायचं असतं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गाडी चालवून आणली की बॉक्स केव्हाच ४५च्या पुढे गेलेला असतो. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी शटर उघडल्याबरोबर हे काम करा. तेव्हाही हातात मोजकीच मिनिटं असतात, म्हणून पान्हा, नवा वॉशर, ट्रे सगळं आधीच मांडून ठेवा.

आणि नियम असा की भरायचा नट आधी उघडून बघायचा, रिकामा करायचा नंतर. भरायचा गंजून बसला असेल आणि ऑइल आधीच सांडलं असेल तर गाडी तुमच्याच लिफ्टवर अडकते.

ऑइलचा रंग आणि वास पाच मिनिटांत बरंच सांगतो. तपकिरी झालं म्हणजे संपलं असं नाही. पांढऱ्या कागदावर थेंब टाका. काळा, जळका वास, मध्ये बारीक कण असतील तर क्लच पॅकचं, म्हणजे बॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटांचं, मटेरियल जळलंय. बीटाच्या कोशिंबिरीत दही कालवल्यावर येतो तसा गुलाबी रंग दिसला तर आत पाणी शिरलंय. रेडिएटरमधला एटीएफ कूलर फुटला की कूलंट बॉक्समध्ये येतं आणि क्लच प्लेटचं चिकटवलेलं मटेरियल सुटायला लागतं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पावसात बुडालेल्या गाडीतही हेच दिसतं, कारण पाणी ब्रीदरमधून, म्हणजे बॉक्सच्या हवेच्या नळीतून, आत जातं. ठाण्या-नवी मुंबईतली सेकंडहँड गाडी तपासताना सीटखालचे रेल आणि कार्पेटच्या आतला गंज बघितल्याशिवाय बॉक्सवर मत देऊ नका.

पॅन उतरवला तर चुंबकावर राखाडी, मऊ चिखल असणारच, घाबरू नका. बोटाला टोचतील असे चमकते तुकडे मात्र वाईट. पॅनचे बोल्ट बारीक असतात, बऱ्याच गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आतबाहेर. कामाची घाई असलेला माणूस ते रॅचेटने ताणतो, पॅनची कड वाकते आणि गळती कायमची मागे लागते. होंडाच्या ड्रेन नटमध्ये चौकोनी खाच असते, ३/८ इंचाची रॅचेट थेट बसते, टॉर्क ४९ न्यूटन-मीटर, वॉशर नवा.

कुठलं ऑइल? मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. होंडाचं झेड-वन जाऊन डीडब्ल्यू-वन आलं, तिथे नवं जुन्याच्या जागी चालतं. पण टोयोटाचं डब्ल्यूएस आणि टी-फोर एकमेकांत चालत नाहीत, ह्युंदाईचं एसपी-थ्री आणि एसपी-फोर पण नाही. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं म्हणून काउंटरवरचा माणूस डबा पुढे करेल. मी घेत नाही. झटका घालवणाऱ्या बाटलीवरही माझा विश्वास नाही. सुकलेलं सील ती थोडं फुगवते, गाडी विकून होईपर्यंत.

नट उघडून एका वेळी साधारण ४० ते ५० टक्केच ऑइल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. ४५ टक्के धरा, तर तीन वेळा बदलल्यावर जुनं १७ टक्क्यांच्या आसपास उरतं. दर वेळी मध्ये ३००-५०० किलोमीटर गाडी चालू द्या. निघालं तेवढंच मापाच्या भांड्याने मोजून भरा. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या बॉक्सला मशीनने फ्लश मारायच्या मी विरोधात आहे. सुटलेला गाळ वॉल्व्ह बॉडीत अडकला की नवीनच तक्रार सुरू होते. ‘ऑइल बदललं म्हणून बॉक्स गेला’ हेही गिऱ्हाइकाकडून ऐकावं लागेल. क्लच आधीच संपलेला असतो. म्हणून जळका वास येत असेल तर काम सुरू करण्याआधी त्यांना तो वास द्या आणि जॉब कार्डवर लिहून सही घ्या.

वायरिंगकडे येऊ. बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५. त्याच्या खाली असेल तर स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडवर विश्वास ठेवू नका. खाडीच्या हवेत अर्थिंगच्या पट्ट्या हिरव्या पडतात. मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॉक्सच्या बॉडीवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी आधी साफ करा, बाकी सगळं नंतर.

पी०७०० हा कोड एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या मॉड्युलमध्ये काहीतरी नोंद आहे. स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर अनेकदा इंजिनपर्यंतच वाचतं आणि इथे थांबतं. आतलं वाचणारं स्कॅनर मिळवा. पी०७१५ आणि पी०७२० म्हणजे इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सर, पी०७०५ म्हणजे लिव्हरची जागा सांगणारा स्विच, पी०७५० म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलायला ऑइलची वाट उघडणारा विजेचा वॉल्व्ह). हे चारही बऱ्याच गाड्यांत बॉक्स न उतरवता तपासता येतात. ऑन-ऑफ सोलेनॉइड साधारण ११ ते २५ ओहम दाखवतो, लिनिअर पाचच्या आसपास. पी०७३० (गिअरचं प्रमाण जुळत नाही) किंवा पी०७४१ (कन्व्हर्टरचा लॉक-अप) आला तर मामला आतला असू शकतो, पण तिथेही पातळी आधी. आणखी एक: गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकून झटके देत असेल तर ती बहुतेक वेळा लिम्प मोडमध्ये आहे, म्हणजे बिघाड दिसल्यावर कंप्युटरने ती कशीबशी चालण्यापुरती ठेवलीय. सोलेनॉइडचा करंट तुटला की लाइन प्रेशर पूर्ण चढतं, म्हणून झटका बसतो. म्हणजे गिअर तुटलाय असं नव्हे.

विकणारा गाडी गरम करून ठेवतो आणि कोड पुसून ठेवतो. म्हणून गाडी थंड बघायची आणि स्कॅनरवर ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’ बघायचं. तिथे बारा किलोमीटर दिसले तर उरलेलं बोलणं सोपं होतं.

थंड गाडीत ब्रेक दाबून एनमधून डीमध्ये टाका. टोयोटाच्या हिशेबाने १.२ सेकंदांच्या आत पकड यायला हवी, रिव्हर्सला १.५ सेकंद, पण तो आकडा गरम ऑइलचा आहे. तीन-चार सेकंद लागले तर पातळी, नाहीतर कडक झालेले सील. मग सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर रिव्हर्सने चढवा, अशक्त रिव्हर्स तिथे लपत नाही. गायमुखच्या चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम सुटून वर जातो का ते बघा. पाम बीच रोडवर सकाळी लवकर, वेगमर्यादेत, साठच्या आसपास ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. आरपीएम दोन-तीनशेने वर उडाला तर लॉक-अप (कन्व्हर्टरला थेट जोडणारा क्लच) चालतोय. त्याच वेगाला गाडी थरथरत असेल आणि ब्रेकच्या स्पर्शाने थरथर थांबली तर लॉक-अपचा क्लच किंवा ऑइल. नाही थांबली तर इग्निशन कॉइल आणि प्लगकडे जा. पावसाळ्यात ही गल्लत फार होते.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून डीमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देणं, उस्ताद सांगेल. पाच सेकंदांच्या वर नाही, चाकांना ओट लावून, पुढे कोणीही उभं नको, आणि नंतर एनमध्ये दोन मिनिटं आयडलला. जळका वास येणाऱ्या बॉक्सवर तर ती करूच नका, काही नवीन कळत नाही.

डी किंवा आरमध्ये टाकताना धाडकन आवाज येतो त्यात फाटलेलं माउंटिंग हा मोठा गुन्हेगार आहे. बोनेट उघडा, ब्रेक दाबून दुसऱ्याला डी-आर करायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघा. लिव्हर पीमधून निघतच नसेल तर आधी ब्रेक लाइट लागते का बघा. ब्रेकचा स्विच गेला की शिफ्ट लॉक सुटत नाही, आणि एका छोट्या स्विचपायी टोइंग बोलावलं जातं.

शिकवणाऱ्याबद्दल एकच: जो डिपस्टिक तुमच्या हातात देत नाही त्याच्याकडे वर्ष घालवू नका. आयटीआयच्या दोन वर्षांच्या ट्रेडमधून मॅन्युअलचा पाया पक्का होतो, बाकीचं मीटर धरूनच येतं. पहिले काही महिने फक्त वायरिंग आणि पातळी जमली तरी पुष्कळ झालं, बॉक्स उघडायची घाई कोणालाही नाही.

उतरवायची वेळ आलीच तर कूलरच्या लाइन साफ केल्याशिवाय दुरुस्त बॉक्स चढवू नका, जुना भुगा पहिल्याच दिवशी आत जातो. कुर्ल्याहून आणलेल्या जुन्या बॉक्सलाही हेच, आणि त्याचं ऑइल पैसे देण्याआधी कागदावर बघा. चढवताना कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओता आणि तो फिरवत-फिरवत पूर्ण आत बसवा. शाफ्ट, स्टेटर आणि पंपाच्या खाचा एकामागून एक बसताना हाताला कळतं. बेल हाउसिंग इंजिनला हाताने टेकली पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर सुटा फिरला पाहिजे आणि फ्लेक्स प्लेटपासून (इंजिनच्या मागची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने लागतो) त्याला दोन-चार मिलिमीटर फट राहिली पाहिजे. फट बोल्टने ओढून बंद करावी लागत असेल तर थांबा, बॉक्स मागे घ्या, कन्व्हर्टर पुन्हा बसवा. ओढून बसवलात तर पंप पहिल्या सेल्फलाच फुटतो.