पडीक मैदान खेळतं करताना

फुटबॉलचं मैदान हाती आलं की क्लबमधल्या सगळ्यांना आधी गोलपोस्ट रंगवायचे असतात, मग क्लबच्या नावाची पाटी लावायची असते. गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत मी डावा बॅक होतो. नंतर मैदानाची जबाबदारी अंगावर आली आणि तेव्हापासून माझा हेका एकच: पैसा आणि घाम आधी पाण्यामागे लावा. मैदान पडीक होतं ते साचणाऱ्या पाण्यानं आणि तुडवून दगड झालेल्या मातीनं. रंग उडालेले पोस्ट नंतरही रंगवता येतात.

त्याआधी कागद. जागा कोणाचीही असो, वापराची परवानगी लेखी घ्या आणि तीत मुदत, देखभालीचा खर्च, इतरांनी कधी वापरायचं आणि मुदत संपल्यावर बसवलेल्या वस्तू कोणाच्या, एवढं तरी स्पष्ट लिहून घ्या. वर्षभराच्या तोंडी होकारावर जमिनीत पाइप गाडणं म्हणजे दुसऱ्याची जागा फुकटात सुधारून देणं. त्या जागेवर रोज चालायला येणारे, कोपऱ्यातून पायवाट काढलेले, संध्याकाळी खेळणारी लहान मुलं यांनाही सुरुवातीलाच भेटा. पायवाट अडवून कुंपण घातलं तर ते महिनाभरात वाकतं. त्यापेक्षा आखणी चार मीटर सरकवलेली बरी.

साफसफाईला सगळे येतात, कारण तिचा परिणाम लगेच दिसतो. गवत कंबरेएवढं असेल तर कापणी मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जा, म्हणजे आत दडलेल्या जनावरांना पळायला वाट राहते. जाड बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणालाही आत सोडू नका. कापून झालं की सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून एका रांगेत, खाली बघत मैदान ओलांडायचं: काच, तार, खिळे, जुन्या खुंट्यांचे तुटके गज. मग तीच रांग आडव्या दिशेनं. माती हलवल्यावर गाडलेली काच वर येते, म्हणून हा फेरा पुढेही प्रत्येक मोठ्या कामानंतर करायचा. गुडघ्यावर घसरून टॅकल करणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

आता पाणी. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन मैदानावर जा. पाणी कुठून आत येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर जातं ते बघा आणि डबक्यांच्या कडेनं खुंट्या ठोका. कोरड्या दिवशी सपाट दिसणारी जमीन पावसात खरं बोलते. मग चार-पाच ठिकाणी फूटभर खोल खड्डे घ्या, पाण्यानं भरा, ते मुरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पाणी तासाला किती उतरतं ते पट्टीनं मोजा. दोन-तीन सेंटीमीटर उतरत असेल तर माती कामाची आहे, फक्त वरचा थर मोकळा करावा लागेल. जेमतेम अर्धा सेंटीमीटर उतरत असेल तर चर खणावे लागणार.

बाहेरून येणारं पाणी आधी तोडा. वरच्या अंगाला, टचलाइनपासून (लांबीच्या बाजूच्या रेघेपासून) दूर एक चर काढला तर निम्मा त्रास तिथेच संपतो. मैदानाच्या आतून न्यायचं असेल तर चर खणून त्यात भोकांचा पाइप, भोवती खडी आणि माती आत शिरू नये म्हणून खडीभोवती कापड. पाइपला शंभर ते दोनशे मीटरला एक मीटर असा उतार पुरतो, पण तो सलग हवा. मध्ये पोट पडलं की तिथे गाळ बसतो. उतार डोळ्यांनी ठरवू नका. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लेव्हलची नळी स्वस्त आहे आणि खोटं बोलत नाही. पाणी शेवटी सोडायचं कुठे, हे पहिली कुदळ मारण्याआधी ठरलेलं हवं. तोंड नसलेला चर म्हणजे जमिनीखालची टाकी.

सपाटीकरणाबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही: एकाच दिशेला सारखा, हलका उतार असेल तर त्याला हात लावू नका. मधोमध उंच आणि दोन्ही टचलाइनकडे उतरतं मैदान उत्तम, हे खरं. पण ६८ मीटर रुंदीत दोन्ही बाजूंना एक टक्का उतार द्यायचा तर मध्य कडेपेक्षा ३४ सेंटीमीटर उंच करावा लागतो. ती माती घमेल्यांनी हलत नाही. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतातच, त्यामुळे लांबीच्या दिशेचा उतार दोघांच्याही वाट्याला येतो. घोटा मुरगळवणारे खड्डे मात्र एकही ठेवू नका.

वाळूचाही असाच हिशेब करा. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर एक सेंटीमीटरचा थर म्हणजे ७१ घनमीटर वाळू. एवढी परवडणारे क्लब थोडे. म्हणून ती दोन्ही गोलच्या तोंडाशी आणि मध्यवर्तुळात वापरा, कारण सगळ्यात जास्त पाय तिथेच पडतात. आधी मातीत दाताळं दहा-पंधरा सेंटीमीटर खोल खुपसून थोडं मागे-पुढे हलवायचं, हातभर पुढे सरकून पुन्हा तेच, मग वाळू पसरून झाडूनं भोकांत लोटायची. माती ओलसर असताना हे काम होतं; चिखलात उलट घट्ट बसते, कडक उन्हात दातच वाकतात. आणि कोणी जड रोलर आणायची हौस दाखवली तर त्याला थांबवा. ओल्या जमिनीवर फिरवलेला रोलर तुमची सगळी मेहनत एका दुपारी दाबून टाकतो.

गवत हवामान बघून निवडा. उष्ण भागात हरळी: तिचे धावते दांडे कापून लावले तरी पसरतात आणि तुडवल्यावर ती पुन्हा उभी राहते. थंड भागात रायग्रास, कारण ते लवकर उगवतं. लावल्यावर दोन-अडीच महिने खेळ बंद. हे पाळणं सगळ्यात अवघड जातं, तेवढ्यासाठी सरावाची दुसरी जागा आधीच बघून ठेवा. एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही.

आखणी मला मनापासून आवडते. जागा मोकळीक देत असेल तर गोल उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे मावळतीचा सूर्य गोलकीपरच्या डोळ्यांत जात नाही. नियमानुसार लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, तेव्हा १०५ बाय ६८ चा हट्ट धरून टचलाइन भिंतीला चिकटवू नका. बाहेर तीन मीटर तरी मोकळे हवेत. काटकोनासाठी सुतळीवर ६, ८ आणि १० मीटरचा त्रिकोण. चारही कोपरे ठोकले की कर्ण मोजा: १०५ बाय ६८ ला दोन्ही १२५.१० मीटर यायला हवेत. पेनल्टी एरियासाठी, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीसाठी, प्रत्येक पोस्टच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर बाजूला, म्हणजे गोललाइनवर एकूण ४०.३२ मीटर. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर, मध्यवर्तुळाची त्रिज्या ९.१५. रेघ १२ सेंटीमीटरपेक्षा रुंद नको, आणि गोललाइन पोस्टच्या जाडीएवढीच. फक्की चुन्याऐवजी खडूच्या भुकटीची घ्या. चुना डोळ्यांत आणि कातडीला भाजतो, आणि घसरून पडणं हा तर या खेळाचा भागच आहे.

गोलपोस्ट ७.३२ बाय २.४४ मीटरचे, पांढरे आणि जमिनीत पक्के. हलवता येणारे असतील तर मागचा दांडा प्रत्येक वेळी खुंट्यांनी किंवा वजनानं जखडायचा आणि खेळ संपल्यावर आडवे करून साखळीनं बांधायचे. क्रॉसबारला मुलं लोंबकळतात आणि उलटलेला गोल जीव घेऊ शकतो. यात कोणाचीही सबब ऐकू नका. अँब्युलन्स आत येईल एवढं रुंद एक फाटक ठेवा. कपडे बदलायची खोली, दिवे, बाकं हे सगळं पैसे येतील तसं.

मैदान तयार झाल्यावर सरावासाठी गोलसमोरची जागा वापरू देऊ नका. छोटे गोल कडेला लावा. जागा पुरत असेल तर दर मोसमात आखणी दोन-तीन मीटर सरकवा. आणि पावसानंतर सामना होणार की नाही हे कप्तानावर सोपवू नका, त्याला खेळायचंच असतं. हा अधिकार न खेळणाऱ्या एका माणसाकडे द्या. त्यानं मध्यवर्तुळात आणि दोन्ही गोलसमोर टाच दाबून बघायची. बुटाभोवती पाणी वर आलं की सामना रद्द, मग समोरचा संघ बसमधून उतरलेला का असेना.