पट्टा घट्ट, तरी सायकल सैल: ट्रेलरवरून ई-सायकली नेताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईत ई-सायकल घेणाऱ्यांची पहिली हौस येऊरच्या चढावर किंवा पाम बीच रस्त्यावर भागते. पुढे माळशेज किंवा कर्जतची ओढ लागते आणि मग चार-पाच जणांच्या सायकली एकत्र न्यायच्या कशा, हा प्रश्न उभा राहतो. आम्ही त्यासाठी एका आसाचा लहान ट्रेलर घेतला, वागळे इस्टेटमध्ये त्यावर चाके बसतील अशा पाच लोखंडी पन्हळी वेल्ड करून घेतल्या आणि तो जीपमागे जोडून फिरू लागलो. एवढ्या फेऱ्यांनंतर माझे मत असे झाले आहे की नवख्यांच्या बहुतेक चुका एकाच समजातून होतात, आणि तो म्हणजे पट्टा आवळला की सायकल पक्की झाली. पट्टा तुटून सायकल रस्त्यावर पडल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही. पट्टा जागच्या जागी असताना सायकलींनी एकमेकींना घासून खाल्लेले मात्र अनेकदा पाहिले आहे.

वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे

साधी गिअरची सायकल चौदा-पंधरा किलोची असते, तर ई-सायकल साधारणपणे २० ते २८ किलो भरते. त्यातही मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, असेल तर सायकलीचा मागचा भाग विशेष जड असतो. सुरुवातीच्या एका फेरीत आम्ही पाचही सायकली हँडल जीपकडे करून ठेवल्या, कारण तसे दिसायला नीटनेटके वाटत होते, आणि हत्यारांची लोखंडी पेटी व सुटे चाक ट्रेलरच्या अगदी शेपटीला टाकले. गायमुख घाटाच्या उतारावर ट्रेलर आधी किंचित आणि मग चांगलाच डावी-उजवीकडे झुलू लागला. जीप चालवणाऱ्या मित्राने घाबरून ब्रेक दाबला नाही, केवळ ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, म्हणून आम्ही वाचलो. अशा वेळी जोरात ब्रेक लावला तर मागचा ट्रेलर पुढच्या गाडीला ढकलतो आणि झोला आणखी वाढतो.

कारण साधे होते. मागे वजन जास्त झाल्याने ट्रेलरचे तोंड हलके पडले होते. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार टो हुकवर, म्हणजे जीपला ट्रेलर जोडतात त्या हुकवर, यायला हवा. आमचा ट्रेलर सुमारे १५० किलोचा आहे आणि बॅटऱ्या काढलेल्या पाच सायकली १०५ किलोच्या आसपास भरतात, म्हणजे हुकवर साधारण २५ ते ३८ किलो भार हवा. हा भार मोजण्यासाठी घरातला वजनकाटा पुरतो: त्यावर लाकडी ठोकळा ठेवावा आणि ट्रेलरचे तोंड हुकच्याच उंचीवर येईल असे त्यावर टेकवावे. आता आम्ही पाचपैकी तीन सायकलींचे मोटर असलेले चाक जीपकडे ठेवतो आणि मधल्या दोन उलट दिशेने लावतो. यामुळे हँडले एकमेकांत अडकत नाहीत, हा वेगळा फायदा. पेटी आणि सुटे चाक आसाच्या किंचित पुढे असतात.

हँडलवरून ओढलेला पट्टा

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे. लोक हँडलवरून रॅचेट पट्टा (खटक्याने आवळत जाणारा पट्टा) टाकतात, सायकल खाली खेचतात आणि हलवून पाहून समाधान मानतात. पुढचे चाक धरणारा दुपाखी दांडा, म्हणजे फोर्क, शॉक ॲब्सॉर्बरचा असेल तर घोडबंदर रस्त्यावरच्या पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तो दबतो, तेवढ्या क्षणापुरता पट्टा ढिला होतो आणि उघडा हुक कडीतून निसटतो. फोर्क परत वर येतो तेव्हा पट्टा नुसता लोंबकळत असतो. म्हणून आधी दोन्ही चाके पन्हळीला बांधावीत, कारण हवा भरलेले टायर फोर्कइतके दबत नाही, आणि मगच सायकल आडवी झुकू नये म्हणून फ्रेमला दोन्ही बाजूंनी हलका ताण द्यावा. हुकला स्प्रिंगची खिट्टी असलेलाच पट्टा घ्यावा. चार पैसे जास्त पडतात, पण इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. नायलॉनची दोरी तर टाळावीच, कारण ती ताणते आणि भिजल्यावर अधिकच ढिली पडते. पॉलिस्टरचा पट्टा त्या मानाने ताण धरून राहतो.

पट्टा चाकावरून घेताना तो रिम आणि टायरवरून जावा, ब्रेकच्या डिस्कवरून नव्हे. हब मोटरची जाड वायर आसाच्या टोकातून बाहेर येते, तिथे पट्टा किंवा हुक मुळीच अडकवू नये. ब्रेकचे पाइप आणि डिस्प्ले यांच्यावरूनही पट्टा जाता कामा नये.

दोन सायकलींमध्ये वीतभर अंतर असले तरी पॅडल शेजारणीच्या डिस्कला गाठतेच. शक्य असेल तर एका बाजूची पॅडले काढून ठेवावीत. मात्र डावे पॅडल उलट आट्यांचे असते हे विसरून जोर लावू नये. फ्रेमवर गुंडाळायला एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोम उत्तम. कुठल्याही एसी दुरुस्तीच्या दुकानात तो मिळतो आणि लांबीवर चीर असलेला घेतला तर क्षणात बसतो. आमच्यातल्या एकाने गोणपाट गुंडाळले होते. माळशेजला पोहोचेपर्यंत त्यात अडकलेल्या धुळीने रंगावर पॉलिश पेपर फिरवल्यासारखे ओरखडे उठले.

वेगात पट्टा वाऱ्याने घोंघावू लागतो. बांधतानाच त्याला एक-दोन पीळ दिले की तो आवाज थांबतो आणि कड फाटण्याचे प्रमाणही कमी होते. माजिवड्याहून नाशिक महामार्गाला लागलो की माणकोलीच्या आसपास आमचा पहिला थांबा ठरलेला आहे. तिथे प्रत्येक पट्टा हाताने दाबून पाहायचा आणि ट्रेलरच्या चाकांच्या हबजवळ तळहाताची मागची बाजू धरायची. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर बेअरिंगचे ग्रीस संपत आले आहे असे समजावे.

बॅटरी सायकलीवर ठेवू नये

प्रत्येक सायकलीमागे अडीच ते चार किलो वजन कमी होते, हा गौण फायदा आहे. ट्रेलरवरचे हादरे आणि समोरून येणारे पाणी लिथियम बॅटरीला सोसत नाही, हे खरे कारण. बॅटऱ्या निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, वीज जोडतात त्या टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी लावून, वेगवेगळ्या कापडी पिशव्यांतून जीपच्या आत ठेवाव्यात. दुपारी जेवायला थांबताना जीप सावलीत लावावी, कारण उन्हात बंद गाडीच्या आतले तापमान ५० अंशांपलीकडे जाऊ शकते. पडलेली, फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी सोबत नेऊच नये. बॅटरीच्या कुलपाची किल्ली निघताना खिशात आहे की नाही तेही पाहावे. नेरुळच्या एका काकांची किल्ली घरी राहिली आणि त्या फेरीत त्यांची बॅटरी सायकलीवरच गेली.

पावसाळ्यात ताडपत्री टाकण्याचा मोह होतो. पूर्ण ट्रेलरवर टाकलेली सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडून रंग खाते आणि पाणीही आत कोंडून ठेवते. त्यापेक्षा डिस्प्ले आणि बॅटरीची रिकामी खाच एवढेच प्लास्टिकने घट्ट झाकणे बरे.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची आरटीओत स्वतंत्र नोंदणी लागते. मागचे दिवे आणि इंडिकेटर जीपशी जोडलेले असावेत आणि सायकलींच्या चाकांआड झाकले जाऊ नयेत. हुकखालच्या दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन जोडाव्यात, म्हणजे कपलिंग सुटलेच तर तोंड रस्त्यावर न आपटता त्या साखळ्यांवर अडते.

उतरवल्यावर सायकल चालू झाली नाही तर

डिस्प्ले लागतो पण मोटर फिरत नाही, अशी तक्रार असेल तर आधी ब्रेकचे लिव्हर पाहावेत. पट्ट्याने लिव्हर दाबून वाकलेला असेल तर ब्रेकमधला स्विच मोटरचा पुरवठा तोडूनच ठेवतो. थ्रॉटलवर (पॅडल न मारता मोटर चालवणाऱ्या हँडलवरच्या मुठीवर) सायकल चालते, पण पॅडल मारल्यावर मदत मिळत नाही, असे असेल तर क्रँकजवळची (पॅडलच्या दांड्याजवळची) चुंबकांची चकती किंवा तिच्यासमोरचा सेन्सर शेजारच्या सायकलीच्या धक्क्याने सरकलेला असतो. मोटर थरथरते, अडखळते किंवा डिस्प्लेवर एरर कोड येतो, तेव्हा मागच्या चाकाजवळचा वायरचा जोड तपासावा. जोडाच्या दोन्ही भागांवरचे बाण समोरासमोर आणून तो सरळ आत दाबावा, पिळू नये. चाक फिरताना ठरावीक जागी खरखर येत असेल तर डिस्क वाकली आहे, आणि ती हाताने सरळ करण्याच्या फंदात न पडता सायकल त्या दिवसापुरती पुन्हा ट्रेलरवर चढवावी.