चित्ता की बिबट्या : कोकणातल्या वाडीवर खात्री कशी करावी

गडग्यावरून एखादे ठिपकेदार जनावर उडी मारून गेले, की त्याचे मोबाइलवर टिपलेले अंधूक चित्रण 'गावात चित्ता आला' अशा मजकुरासह संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरते. कोकणात असे जनावर बिबट्याच असते. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले आणि आज देशात मोकळ्यावर असलेले चित्ते सप्टेंबर २०२२ पासून आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडलेले किंवा त्यांच्या वंशातले आहेत. तरीही खात्री स्वतः करता यावी, आणि ती करण्याचा सोपा मार्ग म्हणजे चित्ता रानात कसा जगतो हे आधी समजून घेणे.

चित्ता हा उजेडात, मोकळ्या माळावर, नजरेने सावज हेरून पळत शिकार करणारा प्राणी आहे. त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जातो, पण तो काही शे मीटरच टिकतो. त्यानंतर धापा टाकत त्याला बराच वेळ बसून राहावे लागते आणि तेवढ्यात तरस किंवा सिंह येऊन शिकार हिरावून नेतात. अंगाने हलका असल्यामुळे तो भांडण टाळतो. मादी पिल्लांना एकटीच वाढवते, तर नर, बहुधा सख्खे भाऊ, दोघे-तिघे मिळून राहतात. बिबट्याचे बरेचसे याच्या उलट आहे : तो दबा धरतो, रात्री फिरतो, एकटा राहतो आणि जड सावजही झाडावर ओढून नेतो.

आता चित्रण थांबवून आधी तोंड पाहावे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघून नाकाच्या कडेने ओठापर्यंत उतरणारी ठळक काळी रेघ असेल तरच तो चित्ता. बिबट्याला ती कधीच नसते. तोंड दिसत नसल्यास पाठ आणि कुशी पाहावी. चित्त्याचे ठिपके भरीव आणि सुटे असतात, तर बिबट्याच्या पाठीवर काळ्या ठिपक्यांची तुटक कडी असून त्यांच्या आतला भाग गडद पिवळसर दिसतो. येथे एक सावधगिरी हवी : बिबट्याच्या पायांवर, डोक्यावर आणि पोटावरही भरीव ठिपकेच असतात, त्यामुळे झुडपाआडून दिसलेल्या नुसत्या पायावरून निकाल देऊ नये. बांधा मात्र दुरूनही कळतो. लांब काटकुळे पाय, खोल छाती, आत गेलेली कंबर आणि लहान डोके ही चित्त्याची ठेवण. बिबट्या बुटका आणि भरलेला असतो.

पावसाळ्यात पाणंदीच्या चिखलात ठसा मिळाला, तर तो सर्वांत भरवशाचा पुरावा ठरतो. चित्त्याची नखे पूर्णपणे आत जात नाहीत, कारण धावताना जमिनीवर पकड घेण्यासाठी ती लागतात. म्हणून त्याच्या ठशात नखे उमटतात. बिबट्याचा ठसा गोलसर आणि बिननखांचा असतो. कोकणात नखे उमटलेला ठसा दिसला, तर तो चित्त्याचा नव्हे, कुत्र्याचा किंवा कोल्ह्याचा समजावा. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून बरोबर वरून छायाचित्र घ्यावे आणि सर आली तर तो घमेल्याने झाकून ठेवावा, कारण चिखलातला ठसा एका सरीत मिटतो.

रात्री काजूच्या बागेतून करवतीने लाकूड कापल्यासारखा खरखरीत आवाज येत असेल, तर तो बिबट्या आहे. चित्त्याला डरकाळी फोडता येत नाही. तो चिवचिवतो आणि गुरगुरतो. अंगणातला कुत्रा रात्री नाहीसा झाला, तरी संशय बिबट्यावरच घ्यावा.

आपले सडे मोकळे आहेत, मग तेथे चित्ता का नसावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण कातळाचे हे सडे लागलीच दऱ्याखोऱ्यांत आणि दाट झाडीत उतरतात आणि चित्त्याला हवे असलेले काळवीट-चिंकारांचे कळप तेथे नाहीत. घाटावर कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, ते त्या बाजूला तसे माळ आणि तशी सावजे होती म्हणूनच.

ओळख पटली, की चित्रण पुढे पाठवण्याआधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि दिसल्याची वेळ, ठिकाण, जनावर कोणत्या दिशेला गेले हे सांगावे. बिबट्या विहिरीत पडला असेल किंवा डुकरांसाठी लावलेल्या फासकीत अडकला असेल, तर काठावरची गर्दी आधी हटवावी, कुत्री बांधून ठेवावीत आणि पथक येईपर्यंत कोणीही त्याच्या जवळ जाऊ नये. फासकीतून सुटण्यासाठी तो जितकी धडपड करतो, तितकी तार त्याच्या कमरेत रुतत जाते.