टक्केवारीचा ऑनलाइन तास: लेकरांच्या डोक्यात उतरावा म्हणून

चाळीस मिनिटांचा तास रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला की शिकवून झालं, असं आपल्याला वाटतं. पण आईबापासोबत ऊसतोडीला गेलेलं बीडकडचं लेकरू कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत बसून, बापाच्या फोनवर तो बघणार कधी? आठवीची टक्केवारी धरून सांगतो.

आधी तासाचे तुकडे करा. नवं शिकताना डोकं एका वेळी थोडाच भार पेलतं, हे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलं. म्हणून पाच मिनिटांचा व्हिडिओ, त्यात एकच गोष्ट. पडद्यावर लिहिलंय तेच वाचून दाखवू नका. आकृती काढा आणि तोंडानं समजावा. मागचं संगीत तर काढूनच टाका.

मग गणित. मोंढ्यात (धान्यबाजारात) सोयाबीन नेलं की आडत्या आधी मॉइश्चर, म्हणजे ओलावा बघतो, हे इथल्या पोरांना पाठ असतं. १०० किलो माल, ओलावा १५ टक्के. म्हणजे पाणी १५ किलो, कोरडा माल ८५. हे पूर्ण सोडवून दाखवा. दुसऱ्या उदाहरणात शेवटची पायरी मोकळी सोडा, तिसऱ्यात शेवटच्या दोन. एकट्याला जमत नाही पण कुणी हात दिला की जमतं, तिथंच शिकणं घडतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की म्हणायचे. तो हात सावकाश काढून घ्यायचा.

आता खरा प्रश्न: तोच माल वाळवून ओलावा १२ टक्क्यांवर आणला, तर वजन किती? बहुतेक जण ९७ लिहितात. (मीही पहिल्यांदा तेच लिहिलं होतं.) उत्तर लगेच फोडू नका. ज्याचं बरोबर आलं त्यालाच व्हॉइस नोटमधून समजावू द्या: कोरडा माल ८५ किलोच राहतो, पण आता तो ८८ टक्के झाला, म्हणून वजन सुमारे ९६.६ किलो.

विसरण्याचा वेग सुरुवातीलाच जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं एकेक प्रश्न पाठवा. ‘व्हिडिओ परत बघा’ म्हणू नका. परत बघितलं की ओळखीचं वाटतं, आणि लेकरू त्यालाच समजलं म्हणतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं ते पुन्हा वाचणाऱ्यांच्या नव्हे, आठवून लिहिणाऱ्यांच्या. तेव्हा वही बंद, उत्तर कोऱ्या कागदावर, त्याचा फोटो. गुण देऊ नका.

लाइव्ह तास आठवड्यातून एकच. लाइट कधी असते ते पालकांनाच विचारून ठरवा. त्यात नवं काही नको. आलेल्या फोटोंतले चुकलेले कागद नाव झाकून पडद्यावर घ्या, ९७ वाला पहिला.